सेवा हाही अभ्यासच



राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामात मुलांचा अभ्यास बुडतो, अशी तक्रार करणारे वाचकपत्र आपल्या अंकात वाचले. ते पटत नाही. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली ती शिक्षणाला समाजाशी जोडण्यासाठीच. तिचे नियमित काम वर्षाला १२० तासांचे, शिवाय सात दिवसांचे शिबिर. एवढ्याने कुणाची पदवी हुकत नाही.

आमच्या खेडमध्ये पावसाळ्यात जगबुडी नदी बाजारपेठेत शिरते आणि उन्हाळ्यात डोंगरातल्या वाड्या टँकरची वाट पाहतात. हे असे का होते, ते नुसत्या पुस्तकातून उमगत नाही. योजनेच्या शिबिरात ते हातांनी कळते: पाऊस सरल्यावर वहाळात उतरायचे, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरायची, तोंडे शिवून पोती हातोहात पुढे द्यायची आणि सांधे चुकवून रचायची. अशा या वनराई बंधाऱ्यामागे पाणी अडते, जमिनीत मुरते, जवळच्या विहिरींना आधार मिळतो. जलसंधारणाचा याहून चांगला धडा कोणता?

पालकांनी मुलांना अडवू नये. महाविद्यालयांनीही शिबिरे परीक्षेच्या तोंडावर घेऊ नयेत आणि बंधाऱ्याजवळच्या विहिरींची पाणीपातळी विद्यार्थ्यांकडून प्रकल्पवहीत नोंदवून घ्यावी.

– एक पालक, खेड (जि. रत्नागिरी)