बुजरा घोडा कीं उतावळा धनी ?

दत्तजयंतीस तापीकांठीं सारंगखेडें येथें भरणाऱ्या घोडेबाजारांतून कित्येक शेतकरी बंधू दर सालीं घोडा घरीं आणितात. आणि पंधरा दिवसांच्या आंत 'घोडा बुजरा निघाला, आम्ही फसलों' अशी त्यांची तक्रार कानीं येते. आमचें मत असें आहे कीं, यांतील बहुतेक प्रसंगीं दोष घोड्याचा नसून धन्याच्या उतावळेपणाचा असतो.

आमचाच अनुभव सांगतों. आम्हीं हौसेनें एक घोडी आणिली व दुसऱ्याच दिवशीं मिरविण्याकरितां तिला वरातींत नेलें. ताशा वाजतांच ती उधळली व पुलाच्या कठड्यावर आदळून तिचा गुडघा फुटला. वर आम्हींच तिला चाबूक मारिले ! पुढें ती त्या पुलावर पाऊल ठेवीना. अखेर निम्म्या किंमतीस विकावी लागली. कचेरींत नव्या कारकुनास आम्ही आठ दिवस नुसतें दफ्तर पाहूं देत असूं. त्या मुक्या जनावरास मात्र एक दिवसही दिला नाहीं.

घोडा हा कळपांत राहणारा प्राणी. भय वाटतांच पळणें हेंच त्याचें संरक्षण. सोबती सुटलेले, ठाण नवें, वास नवे. अशा स्थितींत तो बिचकणारच. त्याचे डोळे डोक्याच्या दोहों बाजूंस असल्यामुळें त्यास बहुतेक चहूंकडचें दिसतें, परंतु थेट शेपटीमागचें दिसत नाहीं. यास्तव त्याच्याजवळ बाजूनें, बोलत बोलत जावें.

पहिले दोन-तीन दिवस त्यास ठाणावर स्वस्थ राहूं द्यावें. दुसरें घोडें नसल्यास गाय वा शेळी दृष्टीस पडेल असें बांधावें. दाणावैरण व खरारा एकाच माणसानें करावा. विकणाऱ्याकडून चालू चारा व चंदी थोडी मागून आणावी आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू बदल करावा. घोड्यास ओकतां येत नाहीं, व एकदम चारा बदलल्यास पोटशूळ उठून प्राणावर बेततें. नंतर दोर हातीं धरून प्रथम आवार, मग शिवार, मग रस्ता व सर्वांत शेवटीं पूल आणि वाद्यें दाखवावीं. बिचकल्यास तेथेंच थांबून त्यास पाहूं व हुंगूं द्यावें. मान खालीं सोडून शांत झाल्यावरच पुढें न्यावें. अशा वेळीं मारल्यास त्या वस्तूचें भय दुणावतें.

घोड्यास हजारों रुपये मोजणाऱ्यानें आणखी पंधरा दिवसांचा धीर खर्चीं घालणें जड जाऊं नये. ज्यास तेवढी सवड नसेल, त्यानें बाजारास जाऊंच नये, अशी आमची स्पष्ट सूचना आहे.