कुटुंबाशी हितगुज : उंची खुंटलेली लेकरे आणि त्यांचे आईबाप



शाळा सुटल्यावर मुलांचे घोळके आपल्या गावच्या रस्त्याने घराकडे निघतात. त्यांत क्वचित एखादे मूल असे असते, की पाहणारा त्यास तिसरीतले समजतो आणि विचारल्यावर ते सातवीत असल्याचे कळते. कोणी हसतो, कोणी 'गिड्ड्या' म्हणून हाक मारतो, आणि त्याच्यापुरती ती गोष्ट तेथेच संपते. त्या मुलाच्या घरी मात्र ती संपत नाही. गेल्या वर्षीचा गणवेश यंदाही नेमका बसतो; एरवी काटकसरीच्या घरात ज्याचे समाधान वाटावे, त्याच गोष्टीने आईच्या पोटात गोळा उठतो. थोरल्याचे कपडे धाकट्याने वापरावयाचे, ही प्रत्येक घरची रीत. येथे धाकट्याचे कपडे थोरल्यास येऊ लागतात.

अशा घरांविषयी आज लिहावयाचे आहे. आणि विशेषतः हे, की अशा दोन घरांनी एकमेकांस शोधून काढले, तर दोघांचाही भार कसा हलका होतो.

प्रथम दोषाविषयी बोलू. मूल वाढत नाही असे दिसताच घरात आणि शेजारी दोषी शोधण्यास प्रारंभ होतो. सुनेच्या माहेरीच असे असणार, ती ग्रहणात बाहेर पडली असणार, कोणाची दृष्ट लागली असणार. आई मुकाट्याने ऐकून घेते. बाप त्या मुलास लग्नकार्यास आणि जत्रेस नेईनासा होतो. हळूहळू ते घर स्वतःस मिटून घेते. वस्तुस्थिती काय आहे? धड जवळजवळ सर्वसाधारण, परंतु हातपाय आखूड, अशा ठेवणीस वैद्यकात अकाँड्रोप्लेजिया म्हणतात. ज्या जनुकातील बदलामुळे ती होते, तो १९९४ साली ओळखला गेला. अशा दर दहा मुलांपैकी सुमारे आठांचे आईबाप सर्वसाधारण उंचीचे असतात. म्हणजे तो बदल त्या मुलापासूनच नव्याने सुरू झालेला असतो. आईच्या खाण्यापिण्याशी, ग्रहणाशी वा दृष्टीशी त्याचा कसलाही संबंध नाही. टर्नर नावाचा एक विकार केवळ मुलींत असतो. दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक पूर्णतः वा अंशतः नसल्यामुळे त्या मुलीची उंची खुंटते व ती आपोआप वयात येत नाही. सुमारे दोन ते अडीच हजार मुलींत एक, असे त्याचे प्रमाण आहे. तोही कोणाचा अपराध नव्हे.

दुसरी गोष्ट मापाची. मूल वाढत नाही हे डोळ्यांस दिसेपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असतो. माप मात्र लवकर बोलते. जन्मानंतर पहिल्या वर्षी मूल सुमारे २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षी त्याच्या साधारण निम्मे, आणि चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत दर वर्षी ५ ते ६ सेंटिमीटर. अंगणवाडीत पाच वर्षांखालील मुलांसाठी जो तक्ता असतो, तो जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली सहा देशांतील मुलांच्या मापांवरून तयार केला. त्या सहांत भारतही होता. पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली आपल्या देशातील मुलांवरून तक्ते केले आहेत. घरी एवढे तरी करावे : दर सहा महिन्यांनी मुलास अनवाणी भिंतीशी उभे करावे, टाचा व पाठ भिंतीस टेकवावी, डोक्यावर सपाट पाटी आडवी धरून खूण करावी आणि शेजारी तारीख लिहावी. चौथ्या वर्षानंतर वर्षभरात ४ सेंटिमीटरही वाढ झाली नाही, तर बालरोगतज्ज्ञाकडे जावे.

प्रत्येक ठेंगणे मूल आजारी असते, असे मात्र समजू नये. आईबापच ठेंगणे असले तर मूलही तसे असावयाचे. काही मुले उशिरा वयात येतात आणि मागाहून उंचीची भरपाई करतात. परंतु हे ठरविण्याचे काम वैद्याचे आहे, शेजाऱ्याचे नव्हे. आणि बाजारात उंची वाढविण्याच्या नावाने जी चूर्णे विकली जातात, त्यांच्या विक्रेत्याचे तर मुळीच नव्हे.

तपासणीची घाई का करावी, ते दोन उदाहरणांवरून कळेल. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी जन्मतःच नीट काम करीत नसेल, तर मुलाची उंची व बुद्धी दोन्ही खुंटतात. आपल्या देशात सुमारे हजार बालकांत एक असे जन्मते. पहिल्या दोन आठवड्यांतच टाचेच्या रक्ताच्या थेंबावरून हे ओळखून औषध सुरू केले, तर ते बालक इतरांसारखेच वाढते. आणि ते औषध म्हणजे दररोज एक स्वस्त गोळी. दुसरे उदाहरण वाढीच्या हॉर्मोनचे. मेंदूच्या तळाशी असलेल्या लहानशा पिट्युटरी ग्रंथीतून ते पुरेसे स्रवत नसेल, तर ते इंजेक्शनाने द्यावे लागते. साधारणतः दररोज रात्री, वर्षानुवर्षे. मात्र हाडांच्या टोकांशी जी वाढीची पट्टी असते ती वयात आल्यानंतर भरून येते आणि मग कोणतेही औषध उंची वाढवू शकत नाही. सहाव्या वर्षी आलेल्या मुलास जे मिळते, ते सोळाव्या वर्षी आलेल्यास मिळत नाही. सबब 'वयात आला की वाढेल' या शब्दावर वर्षे घालविणे हा फार महागडा धीर होय.

निपाणी भागातील माताभगिनींस एक गोष्ट वेगळी सांगावयास हवी. आपल्याकडे अनेकजणी तंबाखूच्या वखारींत राबतात, आणि मिश्री लावण्याची सवय घरोघर आहे. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांच्या पाहणीचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. मिश्रीसारखा, न ओढण्याचा तंबाखू वापरणाऱ्या मातांची बालके सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची भरली. गर्भातच वाढ कमी झालेली बहुतेक मुले दोन वर्षांत इतरांस गाठतात. सुमारे दहांत एक मात्र ठेंगणे राहते. हे मागच्या बाळंतपणाचा दोष काढण्यासाठी सांगत नाही, पुढच्या बाळंतपणासाठी सांगतो.

आता मुख्य मुद्दा. वैद्य महिन्यातून वा तीन महिन्यांतून दहा मिनिटे भेटतो. उरलेला सर्व काळ आईबापांस एकट्याने काढावयाचा असतो. ही उणीव वैद्यांनी नव्हे, तर प्रत्यक्ष भोगणाऱ्यांनीच भरून काढली, असा जगाचा अनुभव आहे. १९५७ साली अमेरिकेतील रीनो या नगरात बिली बार्टी नावाच्या ठेंगण्या नटाच्या निमंत्रणावरून सुमारे वीस माणसे एकत्र जमली. त्यातून तेथील ठेंगण्या लोकांची मोठी संघटना उभी राहिली, आणि आज अशा मुलांचे आईबापही तिच्यात असतात. १९६५ साली त्याच देशात वाढ खुंटलेल्या मुलांच्या पालकांनी आपली संस्था काढली. त्या काळी वाढीचे हॉर्मोन केवळ मृत मनुष्यांच्या ग्रंथींतून काढता येत असे, त्यामुळे ते फार थोड्या मुलांच्या वाट्यास येई. १९८५ साली असे आढळले, की त्या औषधातून काही रुग्णांना मेंदूचा प्राणघातक रोग जडला होता. ते औषध तेथे बंद झाले आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत तयार केलेल्या हॉर्मोनास परवानगी मिळाली. तेव्हाची भीती आणि आशा ज्या आईबापांनी एकाच वेळी सोसली, त्यांस एकमेकांचा केवढा आधार वाटला असेल, याची कल्पना करावी. इंग्लंडातही १९७७ साली अशी संस्था निघाली. आपण एवढे मोठे काही करावयास नको. चिकोडी, संकेश्वर, निपाणी, खानापूर या टापूत अशी चारपाच घरे एकमेकांस ओळखू लागली, तरी पुष्कळ होईल.

ती घरे काय करू शकतील?

पहिले, इंजेक्शनाचे. पोटच्या पोरास आपल्या हाताने सुई टोचावयाची, या विचारानेच पुष्कळ आया रडतात. परिचारिका ते एकदा दाखविते. परंतु जिने दोन वर्षे हे काम केले आहे, ती आई शेजारी बसली, तर पहिल्या रात्रीचा हात थरथरत नाही. मांडी, पोट, दंड अशी जागा रोज कशी बदलावी, हेही तीच सांगू शकते.

दुसरे, औषधाच्या थंडाव्याचे. हे हॉर्मोन बहुधा २ ते ८ अंश उष्णतेतच ठेवावे लागते, आणि ते गोठूही देता येत नाही. आपल्या गावची वीज उन्हाळ्यात कशी वागते, हे सर्वांस ठाऊक आहे. ज्याच्या घरी चांगला फ्रिज आहे त्याने शेजारधर्म म्हणून एक कप्पा द्यावा. शहरातून औषध आणताना बर्फाच्या पिशवीचा डबा एकाचा असला, तरी तो सर्वांच्या उपयोगी पडतो.

तिसरे, कागदपत्रांचे. आपण सीमेवर राहतो. निपाणीकरास कोल्हापूर जवळ आणि बेळगाव दूर. परंतु रेशनकार्ड कर्नाटकाचे, अर्ज बहुधा कानडीत आणि घरातील भाषा मराठी. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली सीमाभागातील ८६५ गावांस आपली आरोग्य योजना लागू करण्याचे ठरविले, तेव्हा त्यावरून दोन राज्यांत वाद झाला. वाद करणारे करोत. आईबापांनी मात्र कोणत्या रुग्णालयात कोणती योजना चालते, हे आधी विचारूनच एस. टी.त बसावे, आणि ज्यास कानडी येते त्याने दुसऱ्याचा अर्ज भरून द्यावा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत तपासणीस येतात. त्या दिवशी असे मूल घरी ठेवू नये. २०२१ च्या दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाच्या यादीत वाढीच्या हॉर्मोनाची सिद्ध झालेली कमतरता आणि टर्नर विकार यांचा समावेश आहे, हेही वैद्यांस विचारावे.

चौथे, मुलाशी वागण्याचे. बारा वर्षांच्या मुलाशी बारा वर्षांच्या मुलासारखेच बोलावे, तो सहा वर्षांचा दिसत असला तरी. त्यास कडेवर घेऊ नये, गाल ओढू नये, घरातील कामाचा वाटा त्याच्या वयाप्रमाणे द्यावा. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत त्यास उंचीप्रमाणे लहानांत नव्हे, तर त्याच्या वर्गाबरोबर उभे करावे. जक्कय ठेंगणा होता, असे शुभवर्तमानात आपण वाचतो. परंतु त्यास झाडावर चढावयास लावले ते पुढे उभ्या असलेल्या गर्दीने. ती गर्दी आपण होऊ नये.

सर्वच मुलांची उंची औषधाने वाढत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्यांची वाढत नाही, त्यांच्या आईबापांस आधाराची गरज अधिकच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खुजेपणास दिव्यांगत्वात गणले आहे. वैद्यकीय कारणाने प्रौढपणीची उंची ४ फूट १० इंच, म्हणजे १४७ सेंटिमीटर, वा त्याहून कमी असणे, ही त्याची व्याख्या आहे. आणि ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर शिक्षणात व सरकारी नोकरीत राखीव जागा मिळू शकतात. म्हणून अशा मुलाचे शिक्षण मध्येच सोडवू नका. उंचीच्या चिंतेत वह्यापुस्तकांची चिंता मागे पडते, आणि पुढे त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न उंचीहून मोठा होऊन बसतो.

ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी येत्या रविवारी मिस्सेनंतर मला भेटावे. नावे जाहीर होणार नाहीत. ज्यांच्या घरी असे मूल नाही, त्यांनी आपल्या मुलांस एवढेच बजावावे, की वर्गातील कोणत्याही मुलास त्याच्या नावानेच हाक मारावयाची.