धोरण कपाटात, बालक वाऱ्यावर

पोटासाठी दूरदूरहून आलेल्या श्रमिकांचे संसार बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीभोवती उभे राहिले आहेत. गावाकडे मुलांवर आजी-आजोबांची, शेजाऱ्यांची नजर असते. येथे आई-वडील कामावर गेले की, अंगणवाडी आणि शाळा हेच त्या लेकरांचे पालक!

हे पालकत्व शासनाने कायद्यानेच स्वीकारले आहे. ‘पॉक्सो’ कायद्याखालील २०२०चे नियम सांगतात की, राज्याने बाल संरक्षण धोरण आखावे, बालकांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक यंत्रणेने ते अंगीकारावे आणि कर्मचाऱ्यांची वेळोवेळी पोलीस पडताळणी व्हावी. अत्याचाराची माहिती दडवणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे.

मग उणीव कोठे? शाळाशाळांत ‘सखी सावित्री’ समित्या स्थापण्याचा शासन निर्णय मार्च २०२२चा. तरीही ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाला, गुन्हा नोंदवण्यास विलंब लागला आणि लोक रेल्वेमार्गावर उतरल्यावरच यंत्रणेला जाग आली. अंगणवाडी एका खात्याची, शाळा दुसऱ्याची, पडताळणी तिसऱ्याची. जे सर्वांचे कर्तव्य, ते अखेर कोणाचेच राहत नाही.

म्हणून प्रत्येक अंगणवाडीच्या व शाळेच्या भिंतीवर उत्तरदायी अधिकाऱ्याचे नाव आणि १०९८ हा क्रमांक ठळकपणे असलाच पाहिजे. ते नाव नसेल, तर जाब विचारणे हे समाजाचे काम आहे. श्रमिकाचे मूल तेवढे परके, असे मानणाऱ्या समाजाला शासनाकडे बोट दाखवण्याचा अधिकार उरत नाही.