एकलहरे दूर नाही
वीज येते कुठून, हे नाशिककरांना सांगावे लागत नाही. एकलहरेचे औष्णिक केंद्र नाशिकरोडच्या उशालाच आहे. तिथल्या २१० मेगावॉटच्या तीन संचांसाठी कोळसा दूरवरून रेल्वेने आणावा लागतो. तरीही जेवणाच्या सुट्टीत कार्यालयांत रिकाम्या खुर्च्यांवर पंखे गरगरतात, एसी १८ अंशांवर चालू राहतो. तो २४ वर ठेवा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने प्रत्येक अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते. घरातला ७५ वॉटचा जुना पंखा बदलताना ३० वॉटच्या आसपासचा बीएलडीसी घ्या. किंमत जास्त, पण उन्हाळ्यात पंखा दिवसरात्र फिरतो, फरक बिलात दिसतोच. टीव्ही रिमोटने नव्हे, भिंतीवरच्या बटणाने बंद करा. आणि कार्यालयातून शेवटी निघणाऱ्याने दिवे-पंखे पाहूनच कुलूप लावावे. आज संध्याकाळपासूनच.