रद्दीचा हिशेब आणि दप्तराची शिस्त

केंद्र सरकारच्या कार्यालयांमध्ये २०२१पासून दरवर्षी २ ते ३१ ऑक्टोबर या काळात स्वच्छता आणि प्रलंबित प्रकरणांच्या निपटाऱ्याची विशेष मोहीम राबवली जाते. भंगारविक्रीची रक्कम, मोकळी झालेली जागा, निकाली निघालेल्या संचिका या आकड्यांत तिचे यश मोजले जाते. नको त्या कागदाबरोबर हवा तोही गेला का, हे मात्र त्या आकड्यांतून कळत नाही.

१९९३च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार अभिलेख बेकायदा नष्ट केल्यास ५ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. २५ वर्षांहून जुना अभिलेख राष्ट्रीय अभिलेखागाराच्या मूल्यांकनाशिवाय नष्ट करता येत नाही. निवृत्तिवेतनासाठी झगडणाऱ्या नागरिकाचा सारा भरवसा अशाच एखाद्या पिवळ्या पडलेल्या संचिकेवर असतो.

महाराष्ट्रात १९८०च्या दशकात अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन शिस्तीचा नमुना घालून दिला. शासकीय कार्यालयांतील सहा गठ्ठा पद्धतीत प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे कागद वेगळे ठेवले जातात. कागद ठेवायचा की टाकायचा, हे प्रकरण हाताळणारा लिपिकच वेळच्या वेळी ठरवतो. ऑक्टोबरची वाट पाहावी लागत नाही. या पद्धतीचा गौरव भरपूर झाला, पालन त्या मानाने कमीच. ई-ऑफिसमुळे कपाटे रिकामी होत असली, तरी वर्गीकरणाविना साठलेल्या डिजिटल संचिकांतही हवा तो कागद सापडणे तितकेच कठीण आहे.