बाई, मला इंग्रजी येत नाही, मी काय करू?

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्याच पालकसभेत हा प्रश्न येतो. मी बोईसरजवळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. सभेला वडील क्वचितच येतात, येतात त्या आयाच. कुणी एमआयडीसीत पॅकिंगचं काम करणारी, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली. कुणी मुरब्याची, सकाळची मासळी विकून तशीच आलेली. कुणी पाड्यावरून दोन रिक्षा बदलून. मी सांगते की यंदा मुलांनी पाठ्यपुस्तकाबाहेरचं इंग्रजी आपल्या आवडीने वाचायचं आहे आणि त्याबद्दल वाचनवहीत लिहायचं आहे. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतंच, ‘बाई, मला इंग्रजी येत नाही, मी काय करू?’

यातलं ‘मी’ नीट ऐका. अभ्यास दिलाय मुलाला आणि घाम फुटलाय आईला! त्याला कारणही तसंच आहे. शाळाशाळांत ‘प्रोजेक्ट’ नावाचं जे प्रकरण बोकाळलंय ते मुलं करत नाहीत, घरं करतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुठ्ठ्याचा किल्ला बाबा कापतात, चित्रं स्टेशनरीच्या दुकानातून येतात, आणि मजकूर रात्री अकरा वाजता आई उतरवून काढते. वाचनवहीचंही तेच होतं. ‘दर आठवड्याला एक इंग्रजी पुस्तक वाचा, पानभर सारांश लिहा, अक्षर सुवाच्य हवं, मुखपृष्ठाचं चित्र काढा’ अशी सूचना घरी जाते. पुस्तक आणायचं कुठून, कळलं नाही तर काय करायचं, चुका चालतील का, ही वही कोण कोण वाचणार, यातलं काहीच कुणी सांगत नाही. मग सारांश गाइडमधून येतो, ट्यूशनच्या सरांकडून येतो, आणि आता तर मोबाइलला विचारलं की अर्ध्या मिनिटात येतो. ज्याने पुस्तक उघडलंही नाही त्याची वही सगळ्यांत देखणी असते. जी पोर खरंच वाचून अडखळत चार ओळी लिहिते तिच्या वहीत लाल शाईचा पूर.

माझं मत असं, की मुलांकडून काय हवं आहे ते शाळेने आधी सांगावं, स्वच्छ सांगावं, आईला कळेल अशा भाषेत सांगावं. आणि जे हवं ते थोडंच असावं.

महाराष्ट्रात जून 2000 पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीत भेटायचं. त्या वर्षी पहिलीत बसलेल्या मुली आज तिशी ओलांडून माझ्या पालकसभेत बसतात. दहा वर्षं इंग्रजी शिकून त्या म्हणतात, मला येत नाही. त्यांनी धडे वाचले, प्रश्नोत्तरं पाठ केली, पासही झाल्या. पण आवडलं म्हणून एखादं इंग्रजी पुस्तक शेवटपर्यंत वाचलंत का, असं विचारलं की पदर तोंडाला लावून हसतात. त्यांच्या हातात कुणी तसं पुस्तक दिलंच नव्हतं. आणि आता त्याच मला तारापूरच्या अणुऊर्जा वसाहतीतल्या मुलांचं उदाहरण देतात, ‘ती बघा कशी फाडफाड बोलतात!’ अहो, त्या घरांत पुस्तकं असतात, इंग्रजी पेपर येतो, आईवडील शिकलेले असतात. आमच्या मुलांच्या घरी ते नाही. म्हणूनच ते शाळेच्या वेळात द्यायला हवं, घरावर ढकलून भागणार नाही.

माझ्या वर्गात वाचन आधी शाळेत होतं. आठवड्यातून तीन दिवस, तासाची पहिली वीस मिनिटं. पुस्तक ज्याचं त्याने निवडायचं. एक पान वाचून बघायचं. अडलेले शब्द मोजताना एका हाताची बोटं संपली तर ते पुस्तक सध्या ठेवून द्यायचं आणि सोपं घ्यायचं. आठवीतल्या मुलाने दुसरीच्या मुलाला शोभेल अशी गोष्ट घेतली तरी हसायचं नाही. (हा नियम मला मुलांपेक्षा आयांनाच जास्त वेळा सांगावा लागतो.) कंटाळा आला तर पुस्तक अर्ध्यात सोडायची मुभा आहे. दानिएल पेनाक नावाच्या फ्रेंच लेखकाने, जो स्वतः शाळेत शिकवत असे, 1992 साली वाचकाचे दहा हक्कच मांडले. त्यात पानं गाळण्याचा हक्क आहे, पुस्तक अर्धवट सोडण्याचा आहे, आणि मुळात न वाचण्याचा हक्क तर पहिलाच आहे. तो पहिला मी वर्गात अजून जाहीर केलेला नाही!

वहीत लिहायची ती फक्त चार वाक्यं. सारांश नको. काय आवडलं, काय नाही, काय कळलं नाही ते लिहायचं. आणि एक वाक्य तरी असं हवं, जे त्याच मुलाला लिहिता येईल, दुसऱ्या कुणाला नाही. हे शेवटचं मुलांना पटकन समजत नाही. मी किती समजावलं तरी पहिले दोन महिने ‘द स्टोरी इज व्हेरी इंटरेस्टिंग’ याच्या पुढे गाडी जात नाही. मग एका मुलीने गोष्टीतल्या म्हातारीवरून आपल्या आजीबद्दल लिहिलं, ‘माय आजी सेल फिश. शी शाउट. आय लाइक हर शाउट.’ तीन वाक्यांत तीन चुका. पण बाजारात बसलेली ती आजी मला दिसली, तिची हाळी ऐकू आली. बिनचूक सारांशांच्या गठ्ठ्यातून मला कधीच कुणी दिसलं नव्हतं.

त्या नोंदीत मी एकच दुरुस्ती केली, ‘सेल’ला ‘एस’ लावायचा. एका वेळी एकच चूक, हाही माझा नियम आहे आणि तो मी मुलांना सांगून ठेवला आहे, नाहीतर ती समजतात की बाकीचं सगळं बरोबर आहे.

स्टाफरूममध्ये यावरून वाद होतात. चुका तशाच सोडल्या तर पक्क्या होतील, असं माझे सहकारी म्हणतात. दहावीला 80 गुणांचा लेखी पेपर आहे, तिथे आजीची हाळी कोण ऐकणार? प्रश्न रास्त आहे. व्याकरणाचा तास मी सोडलेला नाही, निबंधाची वही मी आजही लाल करते. पण वाचनाच्या वीस मिनिटांत अभ्यास बुडतो हे मात्र मी मान्य करणार नाही. 1980 च्या सुमारास फिजी बेटांवरच्या खेड्यांत एक प्रयोग झाला होता. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई या दोघांनी तो केला. तिथलीही मुलं घरी इंग्रजी न बोलणारी. चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी सुमारे 250 इंग्रजी गोष्टींची पुस्तकं दिली आणि रोज थोडा वेळ वाचायला ठेवला. बाकीच्या वर्गांत नेहमीसारखी वाक्यरचना घोटणं चालू होतं. आठ महिन्यांनी तपासलं तेव्हा पुस्तकं मिळालेली मुलं वाचून आणि ऐकून समजण्यात जवळजवळ दुप्पट वेगाने पुढे गेली होती. वीस महिन्यांनी त्यांच्या लिहिण्यातही फरक दिसला. यात चमत्कार काही नाही. भाकरी थापून थापूनच गोल होते, तिच्या गोलाईचे नियम पाठ करून नाही.

आता आईने काय करायचं ते. वही तपासायची नाही. स्पेलिंग बघायचं नाही. रात्री स्वयंपाक करता करता विचारायचं, ‘आज काय वाचलंस ते सांग की मला.’ मुलाने मराठीत, वारलीत, मांगेलीत, हिंदीत, घरात जे बोलतात त्यात सांगायचं. मध्येच ‘मग? पुढे काय झालं?’ एवढं म्हणायचं. गोष्ट कळली नसेल तर मूल तिथे अडखळतं, थातूरमातूर सांगायला लागतं, आणि ते ओळखायला आईला इंग्रजी यावं लागत नाही. मोबाइलवरून उतरवलेला सारांशही याच प्रश्नाला फसतो. मी स्वतः वर्गात तेवढंच करते. वही बंद करायची आणि सांग म्हणायचं.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीत काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गुरं राखायला जाणारी आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. आधी आईला शिकवून आणा, मग मुलाला घेऊ, असं त्या कुणाला म्हणाल्या नाहीत.

पुस्तकांचं म्हणाल तर फार खर्च नको. प्रथम बुक्सने 2015 साली स्टोरीविव्हर सुरू केलं, तिथे गोष्टी फुकट वाचता येतात, सोप्यापासून अवघडपर्यंत चार पायऱ्यांत लावलेल्या. कितीतरी गोष्टी इंग्रजीतही आहेत आणि मराठीतही. एकाच गोष्टीची मराठी आईने वाचावी, इंग्रजी मुलीने. रद्दीच्या दुकानात ‘टिंकल’चे जुने अंक किलोने मिळतात, ते तर मी स्वतःच पिशवी भरून आणते.

राहिला प्रश्न वही कोण वाचणार हा. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा, आणि शाळा सगळ्यांत कमी बोलतात तो याच्यावर. फक्त बाईंसाठी लिहायचं म्हटलं की मुलं बाईंना आवडेल ते लिहितात. वर्गातली दुसरी मुलं वाचणार असं कळलं की हात मोकळा होतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी काही नोंदी भित्तिपत्रकावर लागतात. त्यात माझीही एक असते, कारण साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी स्वतः हाताने लिहून दैनिक काढत, हे मी शाळेत असताना ऐकलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. (गुरुजी पालगडचे बरं का, पालघरचे नव्हेत. मुलं दर वर्षी गल्लत करतात.) पण भिंतीवर काय जाणार ते लिहिणारा ठरवतो. जे पान दुमडलेलं असेल ते भिंतीवर जात नाही, वर्गात वाचलं जात नाही, पालकसभेत टेबलावर ठेवलं जात नाही. मी ते वाचते, हेही मी आधीच सांगते. आणि कुणी तुम्हाला मारतंय, छळतंय, नको तिथे हात लावतंय असं त्यात असेल तर मी गप्प बसणार नाही, हेही. 1098 हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर मुलांकडूनच लिहून घेते.

या दुमडलेल्या पानाबद्दल काही आयांची तक्रार असते. माझ्या पोरीचं माझ्यापासून काय लपवायचं, असं त्या विचारतात. काही वर्षांपूर्वी एका मुलीने राजाची गोष्ट वाचली होती. राजा चिडला की ताटवाट्या फेकायचा. तिने चार वाक्यं नीट लिहिली आणि खाली पाचवं लिहिलं, ‘माय फादर ऑल्सो, ऑन पगार डे.’ पान दुमडलेलं होतं. मी आधी मुलीशी बोलले, मग तिला सांगून तिच्या आईला बोलावलं. आई खुर्चीच्या टोकावर बसली होती. म्हणाली, ‘घरातलं बाहेर गेलं ना बाई.’ मी म्हटलं, बाहेर गेलं नाही, माझ्यापर्यंत आलं. मग बराच वेळ ती काही बोलली नाही. नंतर जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यानंतर पगाराच्या दिवशी दोघी मायलेकी मावशीकडे झोपायला जाऊ लागल्या, आणि पुढे मावशीच्या नवऱ्याने मध्ये पडून बरंच निस्तरलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ते वाक्य तिने इंग्रजीत लिहिलं कारण घरात ते कुणाला वाचता येणार नव्हतं. आपण इंग्रजीकडे नोकरीची भाषा म्हणून बघतो, इंटरव्ह्यूची भाषा म्हणून. चौदा वर्षांच्या मुलीला ती दार लावून बसता येईल अशी खोली वाटू शकते, आणि तशी दुसरी खोली एका खोलीच्या घरात तिला मिळत नाही. माझ्या जूनच्या चिठ्ठीत त्या वर्षापासून मराठीत एक ओळ जास्त असते, ‘वही मुलाची आहे, ते दाखवेल तेवढीच पानं बघा.’

ती मुलगी आता पालघरला कॉलेजात जाते. हे लिहू का, असं तिला विचारलं होतं. म्हणाली, ‘लिहा बाई, पण ते वाक्य मराठीत करू नका.’ म्हणून ते जसंच्या तसं ठेवलं आहे.