चपला सांभाळणारी मुलगी

आठवीत असताना शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी मला पहिली फिट आली. कुणी चप्पल हुंगवली, कुणी तोंडात चमचा कोंबला. (दाताचा टवका उडाला तो चमच्याने, फिटने नव्हे.) पुढच्या पी.टी.च्या तासाला सरांनी मला नवं काम दिलं: मैदानाच्या कडेला बसून सगळ्यांच्या चपला सांभाळायच्या. मी खो-खोच्या संघात होते, हे आठवडाभरात सगळे विसरले. दहावीपर्यंत मी चपलाच सांभाळल्या.

सर वाईट नव्हते. हे सगळं काळजीपोटी होतं, आणि काळजीशी भांडणारी मुलगी आगाऊ ठरते. आज भांडते.

‘धावलीस तर फिट येईल’ हे कुणी ठरवलं? व्यायामानेच फिट येणारी माणसं असतात, पण फार थोडी. चुकलेली गोळी आणि जागून काढलेली रात्र ही नेहमीची कारणं, पण त्यावरून मला कुणी बाकावर बसवलं नाही. अपस्मारावर काम करणाऱ्या जागतिक संघटनेने, आयएलएईने, २०१६ साली खेळांचे धोक्यानुसार तीन गट केले. क्रिकेट, फुटबॉल, हॉकी आणि चक्क कुस्तीसुद्धा सगळ्यात कमी धोक्याच्या गटात आहेत. पोहणं आणि सायकल मधल्या गटात. गिर्यारोहण, स्कूबा, पॅराशूट शेवटच्या. म्हणजे प्रश्न घामाचा नाहीच. फिट आली त्या क्षणी तुम्ही कुठे आहात, पाण्यात, उंचीवर की मातीवर, एवढाच आहे.

१९९२च्या वर्ल्डकपमध्ये हवेत झेपावून इंझमामला रनआऊट करणारा जॉन्टी ऱ्होड्स आठवतो? त्यालाही अपस्मार आहे. पण प्रत्येकाने जॉन्टी व्हावं असं मला म्हणायचं नाही. मला फक्त खो द्यायचा होता.

आणि बसून राहणं फुकट नसतं. या आजाराच्या काही जुन्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, काहींनी वजन वाढतं. नैराश्यही आमच्यात जास्त. या तिन्हींवर डॉक्टर काय सांगतात? चाला, खेळा, हालचाल करा. आम्हाला मात्र घरचे सांगतात, पडून राहा.

खरा धोका दुसरीकडे आहे. आई म्हणायची, “कुणाला सांगू नकोस, उद्या लग्न व्हायचंय.” हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा अडसर १९९९ साली निघाला, आमच्या बैठकीच्या खोलीतून निघायचाय. लपवणारी मुलगी तलावात उतरते तेव्हा काठावरच्या एकालाही माहीत नसतं की हिच्यावर लक्ष ठेवायचंय. जिमच्या फॉर्मवर खरं लिहिलं तर प्रवेश नाही, खोटं लिहिलं तर मदत नाही. ट्रेकवाल्यांचंही तेच. कड्यावर नेऊ नका, मान्य. पण साध्या पायवाटेवरूनही परत पाठवणार?

डॉक्टरांशी बोलून मी गेल्या वर्षी पळायला लागले. ग्रुपमध्ये पहिल्याच दिवशी सांगून टाकलं: पडले तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेलं तर १०८ला फोन. सांगायला अर्धं मिनिट लागलं. एकाने विचारलं, “आणि चप्पल?”

म्हटलं, पायात राहू दे.